बाटली द्यायचं काम

सोमवार, सकाळी

मनाची तयारी म्हणे. मला! जिने तीन बाळंतपणं, एक सासू आणि एक बिनकामाचा नवरा निभावला, तिने आता पेन घेऊन मनाची तयारी लिहायची. बाई, तुला जमतील का ही थेरं, असं कोणी विचारलं का? नाही. वही हातात कोंबली आणि गेले सगळे आपापल्या कामाला.

झालं असं. रविवारी नातीची सायकलची रेस आहे. मोठी. बाहेरच्या हमरस्त्यावर चार फेऱ्या. पहिल्या पाच जणी थेट ट्रेनिंग कॅम्पला जाणार, आणखी एक जागा कोचच्या मर्जीची. त्या कोचला मी शिट्टीवाला म्हणते. बोलतो कमी, फुंकतो जास्त. तर सायकल पळत असताना पोरीला पाण्याची बाटली द्यायला रस्त्याच्या कडेला आपलं एक माणूस उभं असावं लागतं. मुलाची रविवारी ड्युटी. सून घाबरट, पोरगी सायकलवर बसली की ही डोळे मिटते. नात म्हणाली, आजी उभी राहील, आजी दगड आहे.

बरोबर बोलली. टेन्शन काय असतं ते मला माहीत नाही. पण शिट्टीवाल्याचा हुकूम आहे, बाटलीवाल्यांनीही रोज आपलं मन तपासून लिहायचं. तपासलं. ठीक आहे. संपलं.

सोमवार, दुपारी

मन अजून ठीक आहे. कपाट आवरलं. मग आवरलेलं बाहेर काढून परत आवरलं. नीट बसलं नव्हतं.

मंगळवार

आज श्वासाचा व्यायाम. आत घ्यायचा, थोडा धरायचा, हळू सोडायचा. धरणं मला एकदम जमलं. सोडायच्या वेळी सून येऊन उभी, म्हणे आई, तुमचं तोंड असं का झालंय? लक्ष उडालं. चूक तिची.

चहात मीठ पडलं. डबे सारखेच दिसतात. इतकी वर्षं वेगळे दिसायचे, आता कोणी बदलले देव जाणे.

बुधवार, पहाटे

झोप मोडली. टेन्शनने नाही. पेपरवाल्याची सायकल करकरत गेली. त्याला तेल घालायला सांगणार आहे.

उठलेच आहे तर बाटली धुतली. काल धुतलेली, तरी धुतली.

बुधवार, संध्याकाळी

प्रॅक्टिस. मुलगा स्कूटरवरून हळू येणार, मी कडेला हात लांब करून उभी, जाता जाता त्याने बाटली घ्यायची. पहिल्यांदा त्याला घेताच आली नाही. दुसऱ्यांदा त्याने पकडली आणि ओरडायला लागला, सोड, आई, सोड! स्कूटर गेली कचऱ्याच्या डब्यावर. मी म्हटलं, तू नीट धर, मग मी सोडते. तो म्हणाला, अगं, तू सोडल्याशिवाय मी धरू कसा? वाद घालायची हौस बापाकडून आलीय.

शेजारचे रिटायर कंपाउंडर खिडकीतून म्हणाले, आजीबाई, बाटली देताय की हिसकावून घेताय? मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. खिडकी लागली.

ठराव: उद्यापासून हात सैल.

गुरुवार

आज डोळे मिटून मनात रेस बघायची. बघितली. नात आली, मी बाटली दिली, नात जिंकली. सोपं आहे. परत बघितली. या खेपेला सायकलवर मीच होते आणि पहिली आले. नातीला सांगितलं तर हसून गादीवर लोळली. म्हणाली, आणि मला पाणी कोण देत होतं गं? ते बघायचं राहिलं.

ही पोर दोन वेळा पोटभर जेवते, पडली की घोरते. रेस तोंडावर आलीय आणि इतकी निवांत! म्हणून तिच्या वाटची काळजीही मीच करतेय. कोणीतरी करायलाच हवी.

शुक्रवार

शिट्टीवाला घरी आला. म्हणाला, बाटली बोटांच्या टोकांत वरून धरा, तिचा हात लागला की बोटं उघडा, घट्ट धरलीत तर पोरगी पडेल. मी म्हटलं, मला शिकवू नका, आयुष्यभर भरलेल्या बादल्या वाहिल्यात, एक थेंब सांडला नाही कधी. तो म्हणाला, म्हणूनच भीती वाटते, आजी.

चहा न घेता गेला. मीठ घातलं नव्हतं.

संध्याकाळी सुनेला अंगणात पळवलं. तिने धावत येऊन बाटली पकडली आणि धावत गेली. बाटली पोहोचली. मीही तिच्यासोबत पोहोचले. जमलं म्हणायचं.

शनिवार

नात जवळ येऊन बसली. म्हणाली, आजी, नको वाटत असेल तर सांग, मैत्रिणीचे मामा उभे राहतात, त्यांना सवय आहे. मी तडकले. कोण कुठला मामा! मी काय मेले? म्हटलं, मला काडीचं टेन्शन नाही. तेव्हा मी बटाटे सोलत होते. बघते तर सालं पातेल्यात आणि बटाटे कचऱ्यात. नातीनेही बघितलं. बटाटे उचलले, धुतले, पातेल्यात टाकले.

मामाचं नाव मग कोणीच काढलं नाही.

रविवार, सकाळी

रस्त्यावर उभी राहून लिहितेय. शेजारी एका मुलीचा बाप, डोक्यावर पिवळी टोपी, सारखा घाम पुसतोय. लोकांना धीर म्हणून नसतो. माझे पाय थरथरत नाहीत. रस्ताच हलतो, मोठ्या गाड्यांमुळे. टोपीवाला म्हणतो, आज गाड्या बंद आहेत. असतील.

दोन फेऱ्या झाल्या. नात चौथी. तिसऱ्या फेरीच्या शेवटी ती माझ्यासमोरून जाईल तेव्हा बाटली द्यायची. एकदाच. हात सैल. हात सैल. हात सैल.

आल्या.

रविवार, दुपारी

बाटली नवीन होती, चिकट होती. वारा उलटा होता. टोपीवाला मध्ये आला. ऊन डोळ्यांवर. लिहून ठेवते, लागेल.

ती आली, बाटली धरली. बोटं उघडायची हे मला पाठ होतं. मी बोटांना सांगितलंसुद्धा. ऐकेनात. सायकल डुलली, पुढचं चाक वळलं, नात म्हणाली, आजी, सोड! मी तिच्या डोळ्यांत बघत होते आणि बाटली घट्ट धरून होते. शेवटी तिनेच सोडली. नाहीतर तोंडावर आपटली असती, मागच्या सगळ्या तिच्या अंगावर.

शेवटची फेरी तिने त्या रणरणत्या उन्हात कोरड्या घशाने मारली. सहावी आली. पाचवी तिच्या हातभर पुढे.

बाटली भरलेलीच माझ्या हातात. टोपीवाल्याने माझं एकेक बोट उघडून ती काढून घेतली आणि मलाच पाणी पाजलं.

रविवार, संध्याकाळी

नात घरी आली, अंघोळ केली, जेवली. नेहमीसारखी. मला वाटलं, चला, निभावलं.

मग सुनेने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. शिट्टीवाल्याने विचारलं, पाण्याचं काय झालं? नातीने सांगितलं, माझ्या हातून बाटली निसटली. तो भडकला. म्हणाला, जिला बाटली धरता येत नाही तिला मी जागा कशी देऊ? विचार करतो, रात्री फोन करून सांगतो.

मी नातीपाशी गेले. विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, तुला वाईट वाटलं असतं. मी म्हटलं, मला कधी वाईट वाटलंय का? ती म्हणाली, कधीच नाही, आजी. आणि सायकलची चेन पुसत बसली.

दुपारचं वर लिहिलेलं, चिकट बाटली, वारा, ऊन, सगळं खोडलं. टोपीवाला तर बिचारा भला माणूस.

मुलगा म्हणतो, मी बोलतो कोचशी, बाप आहे मी. सून म्हणते, मी समजावून सांगते. नात म्हणते, माझा फोन आहे, मी बघेन. तिचा फोन माझ्या मांडीवर आहे. तिघांना बजावलंय, वाजला की कोणी जागचं हलायचं नाही. बाटली कोणी सोडली नाही, ते शिट्टीवाल्याला मी सांगणार.