पायानं चाळलेलं मैदान

माय, आज सकाळी मी जोडे काढले. कामावर, सगळ्या बायांसमोर. डोक्यावर पिवळं हेल्मेट तसंच अन् खाली पाय उघडे, तू असती तर तोंडाले पदर लावून हसली असती. थंडीचे दिवस आहेत, लॉनवर दव पडलं होतं, धुकं एवढं की त्या टोकाची निलगिरीची झाडं दिसून नव्हती राहिली. पहिलं पाऊल ठेवलं अन् बाप्पा, तळपायातून गार कळ पार गुडघ्यापर्यंत गेली. मंग हळूहळू असं वाटू लागलं का धुक्यात चार पावलं पुढं तू चालून राहिली आहे. लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, मान खाली, एक हात ओटीवर. मी तुझ्या मागंमागं चालत गेली. पोलादाच्या प्लांटचा भोंगा वाजला तेव्हा कळलं का सगळं मैदान फिरून झालं.

तुले पत्र लिहून राहिली याचं माझं मलेच हसू येते. तुले अक्षर कुठं येत होतं? गावाकडचं पत्र असो, रेशनचा कागद असो, दवाखान्याची चिठ्ठी असो, सगळं मीच वाचून दाखवायची अन् तू भिंतीले टेकून डोळे मिटून ऐकायची. शाळेत मी हिंदी शिकली. मराठी तुझ्याच तोंडची, त्यात भिलाईची हिंदी कालवलेली, म्हून जशी बोलते तशीच लिहिते. तुले एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. त्या गोट्याची. तो गोटा तू मरेपर्यंत छातीवर घेऊन राहिली, अन् मी बाजूला बसून पाहत राहिली.

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होती. बाबांले प्लांटकडून मिळालेलं क्वार्टर सुटलं, आपण मरोद्याच्या वस्तीत दोन खोल्यांत आलो, अन् तू ठेकेदाराकडं बागेच्या कामाले लागली. निंदण तुले नवं नव्हतं. भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधीत चिखलात उभं राहून तू रोवणी केलेली, इथलं लॉन म्हणजे तुले खेळच. मंग गवत कापायची मशीन आली, खांद्याले पट्टा, लांब दांडा, खाली गरगर फिरणारं पातं. त्या पात्याखाली गोटा आला का गोफणीतून सुटल्यासारखा जाते. मुकादम म्हणे, "झाडू मार दो, बस." तू झाडू मारला, अन् मंग चपला काढून लॉनमध्ये उतरली. "झाडूले वरचं दिसते," तू म्हणाली, "गवतात दबलेलं पायालेच समजते." या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पाऊल एका पावलाले लागून, जसं कोणी धान्य चाळावं. खिळे, तारेचे तुकडे, बाटलीच्या काचा, नटबोल्ट, गोटे, सगळं ओटीत. पोरांचे खेळायचे काचेचे कंचे सापडले का ते घरी आणून मोगऱ्याच्या कुंडीत टाकायची.

संध्याकाळी तू स्वयंपाकखोलीत स्टोव्हजवळ बसलेली मले अजून दिसते. घमेल्यात कोमट पाणी, त्यात हळद, अन् पाय माझ्या मांडीवर. मी पिनेनं कुसळं काढते अन् तू डोळे मिटून सांगते, हे बंगल्यापुढच्या लॉनचं, हे शाळेमागचं. तुझ्या तळपायाले भेगाच भेगा होत्या. मी कुरकुर करायची, हात पिवळे झाले म्हून. तू म्हणायची, "पाहून घे वं, माहा नकाशा आहे हा." बाहेर मोगऱ्याचा वास, वर प्लांटकडचं लाल आभाळ, अन् मले झोप यायची तुझे पाय मांडीवर घेऊन.

मंग मी सेफ्टीचा कोर्स केला अन् त्याच ठेकेदाराकडं सुपरवायझर झाली. तू शेजारीपाजारी पेढे वाटले. पहिल्याच महिन्यात मी जोड्यांचं खोकं उघडलं. कामावर जोडे घालायचेच, हा नियम बरोबरच होता माय, एका बाईचा पाय काचेनं उभा फाटला होता, टाके पडले होते. पण तुझ्या मापाचे जोडे आले नव्हते. तू चिंध्या कोंबून ते घातले, चार पावलं चालली अन् परत आली. "जोड्यात पाय आंधळे होतेत वं. मंग गोटा कसा समजंल? मले तेवढं फिरू दे, मंग घालते." अन् मी, दहा बायांसमोर, काय बोलली आठवते? "इथं मी तुझी पोरगी नाही. जोडे घालायचे तर घाल, नाही तर घरी बस." आग लागो माझ्या जिभेले. त्यापेक्षा दाताळं आणवून द्यायचं, गवत खरवडून घ्यायचं, हे मले शहाणीले सुचलं नाही. तू वाकली अन् नाड्या बांधू लागली. तुले नाडी बांधता येत नव्हती, माय. मी पाहिलं अन् दुसरीकडं गेली.

त्यानंतर आठवडा झाला असंल. कॉलनीच्या बागेत दुपारी कसला तरी कार्यक्रम होता, गवत त्याच्याआधी कापून पाहिजे होतं. तू जोडे घालून फिरली, अन् ओटीत दोनच गोटे घेऊन आली. तुझं तोंड उतरलेलं होतं. "काही समजून नाही राहिलं," तू म्हणाली. मी घड्याळ पाहिलं. मशीन सुरू झाली. तुझी ती छत्तीसगढी बोलणारी जोडीदारीण, तुले दीदी म्हणायची ती, कापलेलं गवत उचलायले जरा जवळच होती. एकदम मशीनचा आवाज बदलला अन् ती डोळ्यावर हात धरून खाली बसली. "दीदी, मोर आँखी म का परगे वो?" तू धावली. त्या मोठ्या जोड्यांत धावता येत नव्हतं, एक जोडा वाटेतच राहिला, अन् तू तिचं डोकं छातीशी धरून बसली. मशीन कोणी बंद केली नाही, ती तशीच घरघर करत राहिली. डोळा वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्यापुढं कागद ठेवला. तू विचारलं, "काय लिहिलं वं?" मी म्हटलं, "अपघात झाला, एवढंच." तू म्हणाली, "तू वाचलं ना? मंग झालं," अन् अंगठा दिला. त्यात लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात, का मैदान नीट साफ केलं नव्हतं, म्हून गोटा उडाला. साफ करणारीचं नाव तुझं होतं. पंधरा दिवसांनी तुले काढलं. मी तुले सांगितलं, वय झालं म्हून काढलं.

तू ऐकून घेतलं. पण विश्वास ठेवला नाही. तुझी जोडीदारीण दर इतवारी घरी यायची, तू तिच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूनं बसायची, तिचा चहा तिच्या हातात नीट द्यायची, अन् दर वेळी तेच. "माह्या पायानं चुकवला तो गोटा." ती म्हणायची, "छोड़ न दीदी, तोर का गलती हे." मी आत भांडी घासत राहायची, नळ जोरात सोडून. रोज सकाळी तू अंगणात अनवाणी फिरायची. दहा पावलांचं अंगण, त्यात काय सापडणार? तरी फिरायची. शेवटच्या आजारात अंथरुणावर तुझे पाय हलत होते, एक पाऊल एका पावलाले लागून. मी धरले तर थांबले.

तो गोटा तू चुकवला नव्हता, माय. म्हणजे गोटा गवतात होता, खरं आहे, गोटा कुठं नसते? पण पात्यावर जे गार्ड असते, उडालेलं अडवायले, ते त्या दिवशी मशीनले नव्हतं. मशीनवाल्यानं सकाळीच सांगितलं होतं, "मैडम, गार्ड में घास फँसता है, निकाल दिया." मी ते सामानाच्या खोलीत पडलेलं पाहिलं होतं. मी म्हटलं, आज होऊ दे, उद्या लावू. अन् बायांले दूर उभं करायचं तेही केलं नाही. कागदावर नाव माझं पाहिजे होतं. तुले हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तू मले मारलं नसतं, उलट भाकर वाढली असती, अन् त्या रात्री शांत झोपली असती. तेवढं एक वाक्य मी तुले दिलं नाही.

आता बाया मले "गार्डवाली मैडम" म्हणून चिडवतात. प्रत्येक मशीन मी हातानं पाहते, दाताळं फिरवून घेते, काम चालू असताना कोणाले जवळ येऊ देत नाही, अन् कोणाचा अंगठा घ्यायचा असला तर कागद दोनदा मोठ्यानं वाचते. लोकांले वाटते, बाई मोठी चोख आहे. या वर्षी तीच बाग पुन्हा आमच्याकडं आली, म्हून आज जोडे काढले. नियम मोडला, पण मशीन तेव्हा खोलीतच होती. मले एकही गोटा सापडला नाही. माझ्या पायाले काही समजत नाही, माय, ते पहिल्यापासून जोड्यातलेच आहेत.

हे पाठवू कुठं? अन् पाठवलं तरी तुले वाचून दाखवणारी मीच. म्हून आत्ता दार लावून तुझ्या फोटोपुढं बसली अन् मोठ्यानं वाचलं, तुले आवडायचं तसं, सावकाश. दव वाचलं, मोगरा वाचला, जोडे वाचले. कागदाचंही वाचलं. मंग गार्डची ओळ आली. फोटोत तू ऐकून राहिली होती, अन् मी ती ओळ सोडून पुढची वाचली.