भिंतीचा हिरवा रंग

आप्पा,

तुम्ही दमून झोपलात, म्हणून उठवलं नाही. शाळेत परीक्षा आहे, आम्हा शिकवणाऱ्यांना रजा नाही. मला बघायला येणारी मंडळी पोचायच्या आत घरी येते.

कुंचला धुऊन मोरीत ठेवलाय. चुन्यात सरस कमी पडला वाटतं, भिंतीला हात लावला की रंग बोटाला लागतो. सतरंजी थोडी पुढे ओढा, नाहीतर पाहुणे पाठ हिरवी करून बाळकुमला परत जायचे.

पांढऱ्या भिंतीपुढे मी काळी दिसते असं आत्या म्हणाली, म्हणून तुम्ही भिंत निळी केलीत. तरी खडवलीचे पाहुणे नको म्हणाले. आता हिरव्यात काजळी कालवून काल दिवसभर शिडीवर उभे होतात. मला सगळं कळतं, आप्पा. बोलत नाही एवढंच. चुन्यानं बोटं फुटलीत, खोबरेल लावा.

रंग मात्र छान झालाय, सुकलेल्या तुळशीच्या पानासारखा. आज चहा निवेपर्यंत बघत बसले होते. डोळ्यांना बरं वाटलं.

तेव्हा एक ऐका. ही मंडळीही नाही म्हणाली, तर या वेळी भिंत बदलू नका.

नंदा