नवरंगाची शीळ

नागपूर, ६ जुलै २०२४

ती. शांताताईस गौतमचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र. शेजारची चेतना वाचून दाखवेल. डाव्या डोळ्यालाही आता नुसता उजेड कळतो, हे मला तिच्याकडून समजावं? चौबे कॉलनीत एकटी कशी राहशील? वीस तारखेला गाडी घेऊन न्यायला येतो. खोली तयार आहे. काही करायचं नाही, नुसतं बसून राहायचं.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा गौतम

रायपूर, १५ जुलै २०२४

चि. गौतमास अनेक आशीर्वाद. मी बोलून राहिली, चेतना लिहून राहिली.

ते ‘बसून राहायचं’ मले फार टोचलं. काल चेतनाच्या कॉलेजची पोट्टे-पोट्टी जंगलात पक्षी मोजायले गेली, तर मीही तिचा हात धरून गेली. आंटीजी क्या देखेंगी, म्हणून एक जण हासला.

सगळे नवरंग शोधत होते. दोन पावसाळे कोणालेच दिसला नव्हता. अंगावर एवढे रंग, पण राहतो झुडपाखाली, पानं उलटत. उजाडता-उजाडता शीळ आली, दोन सुरांची. बाबांच्या लाकूड-डेपोमागं आपण ऐकायचो, तीच! मी सगळ्यांले थांबवलं. मग वाळल्या पानांवर टुणटुण उड्या ऐकू आल्या. मी काठीनं दिशा दाखवली, म्हटलं वीस पावलांवर, जमिनीकडे पाहा.

चेतना दुर्बीण लावून बसली अन् माह्या कानात म्हणाली, मौसी, जोड़ी है! एकाच्या चोचीत गांडूळ. काटक्यांच्या गोल घरट्यात पिल्लं. आम्ही लगेच मागं सरलो, त्यायले त्रास नको.

हासलेला पोट्टाच परतताना म्हणे, हमको सुनना सिखाइए. आता दर रविवारी मी पुढं, बारा जण मागं. त्यायच्या कॉलेजच्या सरांनी विचारलं, जमेल का? मी म्हटलं, हव!

गौतम, मी येत नाही. रागावू नको.

भावजयीले अन् लेकरांले आशीर्वाद.
तुझी शांताताई

नागपूर, १८ जुलै २०२४

ती. शांताताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र घरात दोनदा मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा मी अर्ध्यावरच थांबलो, मग पुढचं हिनं वाचलं. तुला सांभाळायला निघालो होतो, आणि तुला काय येतं हेच विसरलो. चुकलं माझं.

वीसला येतोच, पण न्यायला नाही. दोन्ही डोळे शाबूत असून मी आजवर नवरंग पाहिला नाही. रविवारी मला तेरावा म्हणून सगळ्यात मागं उभं कर. बडबडलो तर सर्वांदेखत रागव.

असाच जीव लावत राहा.
तुझा भाऊ आणि नवा विद्यार्थी,
गौतम