सहा पावलं

३ मार्च, रविवार

आणि दादाचं म्हणणं काय, तर मी कुठेच टिकत नाही. गॅरेज सोडलं, कारण मालक हात उचलायचा. छापखाना सोडला, कारण छापखानाच बंद पडला. त्यात माझा काय दोष? पण नाही, सगळं माझ्याच माथी. निघताना फाटकात उभा राहून म्हणाला, महिनाभरात परत येशील, लाव पैज. आज महिना आणि तीन दिवस झाले. परत गेलो नाही. हे त्याला कळवणार नाही, कारण आमचं बोलणं बंद आहे.

इथे बरं चाललंय. धुलाईचा कारखाना आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गाडी भरभरून येतात. वाळवायची यंत्रं दोन, त्यातलं एक कायम आजारी. मग मागच्या पटांगणात तारा बांधल्यात, तिथे वाळत घालायचं काम माझं. राहायला वरच खोली, लांब व्हरांड्याच्या टोकाला. सोबत गाडीचा ड्रायव्हर असतो. वयाने वडिलांएवढा, घोरण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

ही वही लिहायचं कारण वेगळं. वाळत्या चादरींचा फोटो काढून फोनवरच्या एका पानावर टाकला होता. त्याखाली एकाने लिहिलं, पोरा, तुला उजेड दिसतो, आमच्यात ये. फोटो काढायची हौस असलेल्यांचा छोटासा ग्रुप, नावच 'उजेड'. सहा जण, मी सातवा. चालवतात ते घड्याळवाले काका, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले. एक नर्सबाई, एक पोस्टमन, एक बेकरीवाला, मांजरांचेच फोटो काढणारी मावशी आणि एक जण पुलावर टोल घेतो, त्याला सगळे टोलनाका म्हणतात. सगळे आपलीच भाषा बोलणारे, पण देश सहा. कोणी कोणाला भेटलेलं नाही.

पहिल्याच दिवशी मावशीने विचारलं, जेवलास का. महिन्याभरात हे कोणी विचारलं नव्हतं. काका म्हणाले, वही ठेव, कुठला फोटो, कुठला उजेड, रोज चार ओळी. मी सांगितलं, सातवीत शाळा सुटली, शुद्धलेखनाच्या नावाने बोंब आहे. ते म्हणाले, उजेडाला वेलांटी नसते.

१० मार्च, रविवार

यांचा एक खेळ आहे. त्याला फेरी म्हणतात. रविवारी एकाचा फोटो निवडायचा. सोमवारपासून रोज बाकीच्यांपैकी एकाने तोच फोटो टाकायचा, पण एक पाऊल पुढून. सहा जण, सहा पावलं. दिवसाउजेडीच. ज्याचा फोटो असेल त्याने सहाव्या पावलाआधी बास म्हणायचं. नुसतं लिहून नाही चालत. पहिला फोटो जिथून काढला त्याच जागी स्वतः उभं राहायचं, परत एक फोटो काढून टाकायचा आणि खाली लिहायचं, बास. की फेरी थांबली.

या आठवड्यात नर्सबाईंचा फोटो होता, दवाखान्यातला हिरवा बाक. पाचव्या दिवशी बाई बास म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. माझं पाऊल तिसरं होतं. आपण आपलं बोटाने फोटो मोठा केला आणि टाकला, आता दुसऱ्या देशातल्या बाकाजवळ कसा जाणार? काका म्हणाले, नव्या माणसाला चालतं, पायाला सवय होईल.

बाकीच्यांचे फोटो मात्र भारी. नुसते मोठे केलेले वाटतच नाहीत. बेकरीवाल्याच्या फोटोत बाकावर कोणाची तरी छत्री आली होती, आधी नव्हती. विचारलं तर म्हणाला, पिठात हात घातला की पोळी वेगळी, फोटोत पाय घातला की फोटो वेगळा. मला कळलं नाही, पण हसलो.

१७ मार्च, रविवार

पोस्टमनची फेरी झाली. फोटो होता जिन्याखाली टेकवलेल्या त्याच्या सायकलीचा. मी परत तिसरा.

बुधवारी त्याने लिहिलं, ताप आहे, कोणीतरी थांबा रे. टोलनाका म्हणाला, नियम नियमासारखा. मला वाटलं गंमत चाललीय. काल शनिवारी सहावं पाऊल मावशीचं होतं. फोटो खोलीतला. पोस्टमन खाटेवर झोपलेला, एक पाय पांघरुणाबाहेर, उशाशी औषधाची बाटली. मी लिहिलंसुद्धा, मावशी, त्याच्या बायकोकडून काढून घेतला वाटतं. मावशी म्हणाली, त्याला कोणी नाही रे बाळा.

काकांनी लिहिलं, फेरी पूर्ण.

आज पोस्टमनला विचारलं, ताप कसा आहे. त्याने लिहिलं, छान उजेड. टोलनाक्याने पुलाचा फोटो टाकला. छान उजेड. मावशीचं मांजर. छान उजेड. आधी हा माणूस एका फोटोवर दहा ओळी लिहायचा, शिवाय एक पांचट विनोद.

१९ मार्च, मंगळवार

माझी फेरी लागली. चादरींचाच फोटो, पटांगणाच्या पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून काढलेला.

आज दुसरं पाऊल, बेकरीवाल्याचं. खालच्या तारेला एक लाल चिमटा आहे. आमचे सगळे चिमटे पांढरे. लाल चिमटा आज सकाळी मी दवाखान्याच्या गाठोड्यात सापडलेला लावला. माझा फोटो परवाचा.

मुकादमावर संशय आहे. त्याला माझं फोटो काढणं खपत नाही. ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, मुकादमाला फोन धड उचलता येत नाही, तो फोटो कसले काढतो.

२१ मार्च, गुरुवार

आज चौथं पाऊल. दोन चादरींच्या फटीतून माझी पाठ दिसते. माझा शर्ट, खांद्यापाशी उसवलेला, आजचा. त्या वेळी पटांगणात मी एकटा होतो. एकटाच होतो, कारण मुकादम आत हिशेब लिहीत होता आणि त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

धावत टाकीपाशी गेलो. फोटो काढला, टाकला, लिहिलं, बास.

टाळ्याच टाळ्या. काका म्हणाले, लवकर घाबरलास, अजून दोन पावलं होती. पोस्टमन म्हणाला, छान उजेड.

२४ मार्च, रविवार

तीन दिवस डोकं खाजवलं. कारखान्यातलाच कोणीतरी माझी खोडी काढतोय. दुसरं काय असणार? ग्रुप सोडून द्यावा म्हटलं, पण परवा मावशीने माझ्या खोकल्यावर काढा सुचवला आणि नर्सबाई गोळीचं नाव सांगून मोकळ्या झाल्या. इथे कारखान्यात माझं नावसुद्धा कोणी घेत नाही, सात नंबर म्हणतात.

म्हणून युक्ती केली. आज काका म्हणाले, घरचं काही दाखव. मी घरचाच फोटो टाकला. तिथे कोण जाणार खोडी काढायला? इथून घर म्हणजे दोन विमानं, एक रात्रीची गाडी आणि वर पाऊण तास चाल. आई उंबऱ्यावर बसून शर्टाला बटण लावतेय, फाटकातून काढलेला. बटणाची सुई चमकते इतका नेमका उजेड. काढलाय दादाने, वहिनीने मला पाठवला होता. मी लिहिलं, मी काढला.

सगळ्यांना फार आवडला. काकांनी विचारलं, फाटकापासून उंबरा किती लांब. मी सांगितलं, सहा-सात पावलं. त्यांनी तोच फोटो निवडला.

२६ मार्च, मंगळवार

काल नर्सबाईंचं पाऊल. आज टोलनाक्याचं. आमच्या खिडकीची काच तडकलेली आहे आणि त्यावर कागद चिकटवलाय.

वहिनीला फोन केला. सहज विचारल्यासारखं केलं. ती म्हणाली, अगं बाई, तुला कोणी सांगितलं, काल शेजारच्या पोरांचा चेंडू लागला, आत्ताच कागद लावला.

फोन ठेवला. खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर ऊन आहे.

२७ मार्च, बुधवार

तिसरं. मावशीचं.

आईशी बोललो. म्हणाली, दोन दिवस झाले अंगणात कोणी तरी येऊन उभं राहतं. उजेड अडतो तेवढं कळतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, माणूस दिसत नाही, सावली दिसते. मी विचारलं, मग तू काय करतेस. म्हणाली, काय करायचं, हसते. मला वाटतं तूच आलायस आणि दादाच्या धाकाने आत येत नाहीस.

मी सांगितलं, आई, तो मी नाही, दार लावून आत बस. ती म्हणाली, मग तू कधी येतोस.

२८ मार्च, गुरुवार

ग्रुपवर खरं सांगितलं. फोटो माझा नाही, दादाचा आहे, मी खोटं बोललो, फेरी थांबवा. काका चिडले नाहीत. म्हणाले, होतं असं, ज्याने काढला त्याने तिथे उभं राहून बास म्हणावं.

दोन महिन्यांनी दादाला फोन केला. त्याने पहिलं वाक्य हेच टाकलं, आलास का परत? मग म्हणाला, सकाळी सकाळी प्यायलास काय. मी रडलो. मी दादापुढे कधी रडलो नव्हतो. त्याचा आवाज उतरला. म्हणाला, हे बघ, निघालो, फाटकात उभा राहतो, काढतो फोटो, तू आधी नाक पूस.

काढला. अंगण रिकामं. आई उंबऱ्यावर. ती दादाकडे बघत नाहीये. थोडं बाजूला, कोणाच्या तरी तोंडाकडे मान वर करून हसतेय. तिथे कोणी नाही.

तो फोटो टाकला, लिहिलं, बास.

काका म्हणाले, दादा आपल्यात नाहीत ना, त्यांचं बास कसं धरायचं. छान फोटो काढतात पण. त्यांचा नंबर दे, त्यांना आत घेऊ.

मावशी म्हणाली, हो रे, घे की भावाला.

पोस्टमन म्हणाला — नेहमीचंच.

नंबर दिला नाही. दादा एकदा आत आला की मग दादाचीही फेरी. आणि वहिनीची. नाही.

संध्याकाळी चौथं आलं. बेकरीवाला.

२९ मार्च, शुक्रवार

पाचवं काकांचं. आईचं तोंड फोटोभर. डोळ्यातले पांढरे ठिपके मोजता येतात. कपाळावर फोन धरलेल्या हातांची सावली.

दादाला सांगितलं, आईला घेऊन आत्ता निघा, कुठेही. दादा म्हणाला, ती उठत नाहीये, म्हणते धाकटा यायचाय.

ग्रुप सोडायला गेलो. सोडायची जागाच सापडत नाही. फोन बंद केला, ड्रायव्हरच्या फोनवर तोच फोटो. ड्रायव्हर ग्रुपमध्ये नाही. त्याने विचारलं, कोण आहेत या बाई, कोणासारख्या दिसतात —

उद्याचं सहावं पोस्टमनचं. त्याच्या फेरीत बुधवारी त्याने लिहिलं होतं, थांबा रे. तेव्हा मी बोटाने फोटो मोठा करत होतो. मी त्या घरात तीन पावलं आत होतो म्हणायचं.

काकांना विचारलं, काही उपाय. काका म्हणाले, आहे. आपल्या स्वतःच्या जागेचा फोटो टाक, स्वतः काढलेला. फेरी तिकडे वळेल. पाच झालीत, उरलेलं एकच. फक्त तू बास म्हणायचं नाही. म्हणालास तर आईची फेरी परत चालू, उरलेल्या एका पावलासह.

मग लिहिलं, वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्यासारखा उजेड बघणारा पोरगा आम्हाला हवाच आहे.

३० मार्च, शनिवार

सकाळी सातला व्हरांड्यात उभा राहिलो. आमच्या खोलीचं दार, आत माझी खाट. स्वतः काढला. टाकला. लिहिलं, मी काढला. या वेळी खरं.

काका म्हणाले, वळली.

नऊ वाजता वहिनी म्हणाली, आई उठल्या, चहा मागितला, म्हणतात अंगणात आता कोणी नाही, चांगलं ऊन आहे. दादा फोनवर आला. म्हणाला, काय होतं रे ते. मी म्हटलं, काही नाही, ग्रुपची गंमत. तो म्हणाला, खरंच टिकलास की तिकडे. एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला.

ड्रायव्हरला गाडीवर पाठवलं. जायला तयार नव्हता, खोटं सांगून पाठवलं. ही वही त्याच्या हाती लागेल असं केलंय — गाडी अजून खालीच भरतेय, खिडकीतून टाकली की गाडीच्या हौद्यात —

व्हरांड्यात टोकाला पावलं. एकच माणूस. पोस्टमनसारखा चालतो, प्रत्येक दारापाशी थांबत.

इथून टाकीपर्यंत — नाही, टाकी नाही, व्हरांडा. व्हरांड्यात जाऊन फोटो काढला तर थांबेल. फोन हातात आहे. तीन पावलं लागतील.

आई उंबऱ्यावर बसली असेल.

जाणार नाही.

दादा, तुझा फोटो माझ्या नावावर खपवला, चूक झाली. आईचे डोळे करून घे, आधी डावा. माझ्याकडचे सगळे पैसे पाठवतोय, मुकादमाकडून उचल पण घेतली, फोनवर आकडा घालतोय, तू नीट बघून घे —

दाराच्या फटीतला उजेड अडला.

दादा, एकूण एकोणीस हजार चारशे —