धुतलेल्या चादरीवरचा पतंग

तीर्थरूप आईस,

पाया पडते, पण काका म्हणतात म्हणून नोकरी सोडून परत येणार नाही.

ताप उतरलाय. आता काळजी नको.

आमचे साहेब रात्री डोंगरातल्या जंगलात पांढरी चादर टांगून दिवा लावतात आणि उजेडाला येणारे पतंग नोंदवतात. परवा मला म्हणाले, "बाईमाणसाला रात्रीचं नको. तुम्ही सकाळी चादर धुवा." धुतली, दातओठ खात. उन्हात वाळत घातली, तर भर दुपारी तिच्यावर एक पतंग येऊन बसला! हिरवानिळा, घासलेल्या भांड्यासारखा लखलखीत, पंखांवर लाल पट्टा. असा आजवर कुणाला सापडला नव्हता. साहेब तंबूत घोरत होते. ते उठल्यावर मी त्यांना नोंदीत माझंच नाव लिहायला लावलं.

साहेब म्हणाले, असल्या भडक रंगाच्या पतंगाच्या अंगात विष असतं. पक्षी एकदा चोच मारतो, थुंकतो, पुन्हा वाटेला जात नाही. म्हणून तो दिवसाढवळ्या मिरवतो.

तुझा गुडघा कसा आहे? धाकटी शाळेत जाते ना, की काकांनी तिलाही घरी बसवलंय? खरं कळव.

"मुलीच्या जातीनं झाकून राहावं" असं काका पुन्हा म्हणाले, तर त्यांना हे पत्र वाचून दाखव. आणि म्हणावं, चोच सांभाळा.

तुझीच,
थोरली