बाळाच्या खोलीचं दार

३ मार्च, मंगळवार

नव्या घरात आलो. चौथा मजला, तीन खोल्या, सामान सगळं खोक्यांत. हिला आठवा सरून नववा लागतोय, त्यामुळे उचलाउचलीला मी एकटा. सासूबाई म्हणाल्या, अशा दिवसांत कोणी घर बदलतं का? त्यांना शांतपणे सांगितलं की मी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, भोंगा वाजला की चारशे माणसं रांगेत बाहेर काढतो, त्यापुढे एक बाळ म्हणजे काय. त्या उठून हिच्यासाठी उशी शोधायला लागल्या. मुद्दा पटला असावा.

संकल्प: आधी बाळाची खोली. ती शंभर टक्के सुरक्षित झाली की मग बाकीचं घर. पलंग, स्वयंपाकघर वगैरे दुसऱ्या टप्प्यात.

चहाचं भांडं सापडलं नाही.

५ मार्च

संध्याकाळी ही खोक्यावर बसून होती. म्हणाली, तुझ्याकडून एकच हवंय. बाळंतपणाच्या वेळी तू आत माझ्याजवळ बस आणि माझा हात धर, बाकी काही नाही केलंस तरी चालेल. मग तिने सांगितलं की सात वर्षांची असताना हात मोडला म्हणून तिला हॉस्पिटलात नेलं होतं आणि घरच्यांना बाहेर ठेवून दार लावून घेतलं होतं. तेव्हापासून तिला त्या दारांची भीती वाटते. लग्नाला चार वर्षं झाली, हे मला आज कळतंय.

मी लगेच शब्द दिला. खरं तर जरा हायसंच वाटलं. मला वाटलं होतं पलंगाचा विषय निघणार. हात धरणं हे माझ्या सगळ्या कामांत सोपं, त्याला काही सामान लागत नाही.

नंतर प्लगची भोकं बुजवायला घेतली.

९ मार्च

हॉस्पिटल बघायला गेलो. होणाऱ्या आईवडिलांना प्रसूतीची खोली आधी दाखवतात. हवा खेळती नव्हती, शिवाय मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, त्यामुळे त्या टेबलाकडे बघताना जरा खाली बसलो. नर्सचं म्हणणं की मी पडलो. खोलीला बाहेर जायला एकच दार आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. तिने मला स्टूल आणि पाणी दिलं.

परत येताना ही गाडीत हॉस्पिटलचे कागद चाळत होती. मग म्हणाली, तुला जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी आईला बसवते. मला लागलं ते. म्हटलं, मी शब्द दिलाय. डॉक्टरीणबाईंनी हिचं प्रेशर वाढलंय असं सांगितलं. विश्रांती हवी आणि तारखेच्या भरवशावर राहू नका. म्हणजे वेळ कमी. आजपासून खोलीच्या कामाचा वेग दुप्पट.

१२ मार्च

खोलीची प्रगती उत्तम. कोपऱ्यांना फोम, खिडकीला दुहेरी जाळी (बोटसुद्धा जात नाही), भिंतीला दोन हात रंग. शिवाय नियम केला: या खोलीत मोबाइल न्यायचा नाही. दारावर तसा बोर्डही लावला. ही म्हणाली, बाळ बोर्ड वाचणार आहे का? ती थकली की असं बोलते.

हॉस्पिटलची बॅग भरून याच खोलीत खुंटीला टांगली. घरातली सर्वांत सुरक्षित जागा तीच.

पलंग अजून सुटा आहे. ही जमिनीवर गादी टाकून झोपते, उठताना भिंतीला धरून उठते. आज उठताना मला हाक मारली, पण माझे हात रंगाचे होते.

खालच्या मजल्यावर ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर राहतात. जिन्यात भेटले. म्हणाले, रात्री-अपरात्री लागलं तर माझी गाडी आहे. त्यांची गाडी म्हणजे टपावर शिकाऊचा लाल बोर्ड आणि आत दोन-दोन ब्रेक. आभार मानून नको म्हटलं. आपलं मूल शिकाऊ गाडीतून येणार नाही.

१५ मार्च, रविवार

आजचं काम: दाराचं हँडल. मुलं खोलीत जातात, आतून दार लावून घेतात आणि मग बाहेर आईबाप बोंबलत बसतात. हे टाळण्याचा उपाय इतका साधा आहे की कोणाला कसा सुचला नाही याचं नवल वाटतं. आतलं हँडल काढूनच टाकायचं. हँडल बाहेरच्या बाजूला, म्हणजे ताबा मोठ्यांकडे. दोन्ही हँडलं जोडणारी चौकोनी सळई आत टोचू नये म्हणून करवतीने आखूड केली. भोकावर पत्रा लावला, त्यावर रंग.

चाचणी घेतली. दार उघडं ठेवून बाहेरून हँडल पुन्हा पुन्हा फिरवलं, दर वेळी कुलपाची जीभ आत गेली. उत्तीर्ण.

हिला दाखवायला बोलावलं. ती हळूहळू आली, बघितलं आणि म्हणाली की मोठा माणूस आत अडकला तर? मी हसलो. मोठा माणूस कशाला अडकेल?

१७ मार्च

भांडण झालं. भांडण म्हणजे ती बोलली. डॉक्टरीणबाईंनी श्वासाचा व्यायाम दोघांनी मिळून करायला सांगितलाय. ती तीन दिवस म्हणतेय, आणि मी तीन दिवस दारावर आहे. तिचं म्हणणं, तू खोली बाळासाठी करत नाहीयेस, हॉस्पिटलातल्या त्या दुसऱ्या खोलीत जावं लागू नये म्हणून करतोयस.

हे साफ चूक आहे. माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण तिचं प्रेशर लक्षात घेऊन दिलं नाही. रंगाचा तिसरा हात दिला. पाय तिचे सुजलेत. मी तिकडे बघत नाही.

संकल्प: शनिवारी सुट्टी आहे. शनिवारी खोली पूर्ण, आणि मग दिवसभर हिच्याजवळ बसायचं.

२१ मार्च, शनिवार, सकाळी

शेवटचं काम उरलं. आणीबाणीत बाहेर पडण्याचा मार्ग दाखवणारा नकाशा तयार केलाय, कारखान्यात असतो तसाच. तो दाराला आतून चिकटवला की संपलं. ही बाहेरच्या खोलीत पडून आहे, कंबर भरून आलीय म्हणते. तिला म्हटलं, पाच मिनिटांत आलोच.

त्याच दिवशी. वेळ माहीत नाही (घड्याळ मोबाइलमध्ये, मोबाइल स्वयंपाकघरात)

नकाशा नीट बसावा म्हणून दार जरा पुढे ओढलं. रंगाचा वास जावा म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. वारा आला आणि दार लागलं. फार छान लागलं. फटसुद्धा नाही. कामाचा दर्जा म्हणून हे नोंदवून ठेवतो.

आत माझ्याजवळ: रोजनिशी, पेन, चिकटपट्टी, हॉस्पिटलची बॅग. स्क्रू ड्रायव्हर बाहेर.

हिला हाक मारली. घाईचं काहीच नाही.

थोड्या वेळाने

ती आली. हँडल फिरवलं, ओढलं, आणि हँडल तिच्या हातात आलं. सळईचा तुकडा दाराच्या पोटातच राहिला. मी तिला आखूड सळईमागचं तत्त्व समजावत होतो, तेव्हा ती मध्येच थांबली. मग म्हणाली, पाणी गेलं.

मी विचारलं, कुठलं पाणी. टाकीचं काम कालच झालं होतं.

नंतर

कळा सुरू आहेत. दाराला खांदा मारला. हलत नाही. मी तिला इकडून सूचना दिल्या: घाबरू नकोस, धावू नकोस, मौल्यवान वस्तू गोळा करत बसू नकोस. तोंडातून आपोआप तेच येत होतं. ती म्हणाली, तू बाहेर ये. मी म्हटलं, प्रयत्न चालू आहे. ती म्हणाली, तू बाहेर ये ना. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. दाराला कान लावला तर तिचा श्वास ऐकू येत होता. तो बरोबर कसा घ्यायचा हे सांगता आलं असतं, पण मी तो व्यायाम केलेला नाही.

जिन्यातून मास्तरांचा आवाज आला. तिनेच हाक मारली असावी. ते म्हणाले, साहेब, तुमचं नंतर बघू, वहिनींना नेतो. बॅग द्या म्हणाले. बॅग माझ्याजवळ आहे असं सांगितलं. मास्तर म्हणाले, राहू द्या. मग बाहेरचं दार लागल्याचा आवाज झाला.

खिडकीच्या जाळीतून गाडी दिसली. लाल बोर्ड. मागच्या काचेवर ‘सांभाळा, शिकत आहे’ असं लिहिलेलं.

आणखी नंतर

घर एकदम शांत आहे. बाळाच्या खोलीत बसलोय, पाठीला फोमचा कोपरा. ती गेली तेव्हा, एक क्षण, मला सुटल्यासारखं वाटलं. आता त्या टेबलापाशी उभं राहायला नको आणि यात माझा दोषही नाही, असं वाटलं. हे वाक्य खोडायचं आहे. पेन फिरवून बघितलं, पण मग पुन्हा तेच लिहावं लागेल, कारण तसं वाटलं होतं.

त्यानंतर उठून दाराला लाथा घातल्या. दाराच्या खालच्या भागाला सकाळी दिलेला चौथा हात अजून ओला होता. पाय हिरवा झाला. हाका मारल्या, कोणाला, माहीत नाही.

दुपारी असावं

सासूबाई हॉस्पिटलातून आल्या. त्यांच्याकडे किल्ली असते. मला वाटलं होतं बोलतील. दारापलीकडून एवढंच म्हणाल्या की तिला आत घेतलंय, आईला सोडत नाहीत, एकाच माणसाला परवानगी आहे आणि तो मास्तर तिच्याबरोबर गेला. मग त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला.

दल आलं. बाहेरच्या प्रमुखाचा आवाज ओळखीचा वाटला. गेल्या महिन्यात आमच्या कारखान्यातल्या सरावाला यांना चार मिनिटं उशीर झाला म्हणून मी सगळ्यांसमोर बोललो होतो. त्यांनी दारापलीकडून अदबीने विचारलं, साहेब, आणीबाणीचा मार्ग कुठून आहे? मी म्हटलं, याच दारातून. नकाशा आहे.

दार मजबूत निघालं. कुऱ्हाड मारायला लागली.

२२ मार्च

काल पुढचं लिहिता आलं नाही.

बॅग घेऊन धावत गेलो. नर्सने अडवलं, कोण तुम्ही म्हणाली. वडील म्हटलं. ती म्हणाली, वडील आत आहेत. मग मास्तर बाहेर आले, शर्ट घामाने भिजलेला, उजवा हात डाव्या हातात धरलेला. त्यांची बोटं सुजली होती, इतकी तिने ती दाबली होती. मला बघून त्यांना रडू आलं. मुलगी झाली, म्हणाले, साहेब, मुलगी झाली तुम्हाला.

मुलगी दोन किलो सातशे. दोघी ठीक. प्रेशर उतरतंय. ही झोपली होती. मी बाजूच्या स्टुलावर बसून हँडलबद्दल कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव केली. जागी झाल्यावर तिला विचारलं, भीती वाटली का? ती म्हणाली, हो, खूप. मी सळईपासून सुरुवात केली. ती म्हणाली, आत्ता नको. आणि कूस बदलली.

प्रसूतीच्या त्या खोलीकडे जाऊन आलो. दार उघडं होतं, आत पेशंट नव्हता, फक्त एक मावशी टेबल पुसत होत्या. चक्कर वगैरे काही आली नाही. दोन मिनिटं उभा राहिलो.

२६ मार्च

दोघी घरी आल्या. सासूबाईंनी दोन दिवसांत पलंग लावून घेतला, स्वयंपाकघर लावलं, चहाचं भांडं सापडलं. बाळाच्या खोलीला दार नाही, नुसती चौकट. तिथे आता रिकामी खोकी ठेवलीत. बाळ हिच्या कुशीत झोपतं. मी कारखान्यात रजा वाढवायला फोन केला. साहेब म्हणाले, ऐकलं. अग्निशमन दलाने सांगितलं असणार.

संकल्प: काही नाही.

२९ मार्च, रविवार

हिच्या ऑफिसच्या मैत्रिणी बाळाला बघायला आल्या. मास्तरही वर आले आणि त्यांनी सगळं सांगितलं. गाडीत ही कशी डॅशबोर्ड धरून बसली होती, आत गेल्यावर मास्तरांना काय बोलावं सुचेना, मग शिकाऊ पोरांना सांगतात तेच सांगायला लागले: घाई नाही, घाई नाही, पहिल्या गिअरमध्येच ठेवा, आता हळूहळू क्लच सोडा. डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या म्हणे. मैत्रिणी हसून बेजार. हीसुद्धा हसली, टाके दुखतात म्हणत हसली. मग एकीने सहज विचारलं, आणि तुम्ही कुठे होतात?

मी तोंड उघडलं. माझ्याआधी हीच म्हणाली, घरी होता, बाळाची खोली तयार करत होता. आणि विषय बदलला. यात एक शब्दही खोटा नाही. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण या वेळी गेलो नाही.

सगळे गेल्यावर पलंगावर तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, मी तिथे नव्हतो. सळई, वारा, रंग, त्यातलं काहीही सांगितलं नाही. ती म्हणाली, हो, नव्हतास. ती बाळाचं आवरत होती, मान वर केली नाही. मग मी हात पुढे केला, उघडा, तिच्यासमोर.

तिने त्यात ओला लंगोट ठेवला.

गेलो, धुतला, वाळत घातला आणि परत येऊन बसलो.