दोरीबाहेरची बाई

आबा, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी एका गोष्टीवरून माझं तुमच्याशी भांडण मिटलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही हवालदार, पोलिस लाइनीतलं आपलं दोन खोल्यांचं घर, आणि मांजरानं दुधाचं पातेलं सांडलं तरी तुम्ही आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबवायचा. "हात मागं बांध. आधी डोळ्यांनी जा, पायांनी न्हाय," म्हणायचा. आई फडकं घेऊन ताटकळायची, चिडायची, आणि तुम्ही मिशीत हसत फरशीवरच्या पंजांच्या खुणा दाखवायचा. मी फौजदार झाले ती तिथंच, ट्रेनिंग नंतर आलं.

पन्हाळ्याच्या वाटेवरच्या त्या गावात मीच पहिली पोचले, सोबत एकच शिपाई. नवी सून चुलीपुढं घसरून पडली, डोक्याला लागून गेली, असं सासरचे सांगत होते. तिला जीपमधून दवाखान्यात नेलेलं. भाकऱ्या थापताना काटवट पालथी झालेली, पीठ जमिनीवर पसरलेलं, आणि त्या पिठात एक पाऊल उमटलेलं, मोठं, पुरुषाचं. दारात शेजारणी शेणकाल्याची बादली घेऊन उभ्या. जीव गेला ती जागा सारवायची, नवं पीठ पसरून त्यावर दिवा ठेवायचा, वर पाटी झाकायची आणि दुसऱ्या दिवशी पिठात कसली खूण उठली, माणूस कोणत्या जन्माला गेलं, ते बघायचं. आपल्याकडं हे करतातच. त्या बायकांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण मला जरा उशीर झाला असता तर सगळं पुसून गेलं असतं. मी दाराला दोरी बांधायला लावली, माणसं मागं सारली आणि कोल्हापुरातून फोटोवाले, ठसेवाले येईपर्यंत दार सोडलं नाही.

मुलीची आई माहेराहून आली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. तिच्या हातात पेटती पणती होती. "बाईसाहेब, दिवा तेवढा लावू द्या की. माझी पोरगी अंधारात हाय."

"आत्ता न्हाय, मावशी. कुणीच आत जायचं न्हाय."

ती वाद घालत बसली नाही. पदरानं वारा अडवत, पणती सांभाळत, पंचनामा संपेपर्यंत दोरीपाशी तशीच उभी राहिली. आपण रानात होतो असं मुलीचा दीर सांगत होता. पिठातलं पाऊल त्याचंच निघालं. पुढं त्याला शिक्षाही झाली.

त्या संध्याकाळी मी घरी आले ती तुमची शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही रिटायर झालेला, दम्यानं बेजार. सगळं नीट ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "त्या बाईला बसाय काय दिलंस काय?" आबा, मला फार राग आला. अख्खी गल्ली अंगावर आलेली, हाताशी एक शिपाई, आणि मी पोतं शोधत फिरायचं होतं? मी ताटावरून उठले. मी बरोबर होते, हे मी आजही म्हणते. पण कुठंही पोचले की दोरी बांधून होताच मी गाडीतली सतरंजी काढायला सांगते, आणि ती अंथरताना दर वेळी तुमचा राग येतो. त्या बाईचा चेहरा मला आठवत नाही. पणतीवर धरलेला हात तेवढा आठवतो.

तुम्ही गेलात तेव्हा आत्यानं तुमच्या जागेवर पीठ पसरून दिवा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाटी उचलली तेव्हा सगळे वाकून बघत होते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं सांगून मी हात मागं बांधून उंबऱ्यावरच थांबले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. सगळे चहाला उठल्यावर मी आत गेले आणि गुडघ्यांवर बसून बराच वेळ त्या पिठात तुमचं पाऊल शोधत राहिले.